नेते बदलले तरी चालू राहील असा आराखडा हवा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नागपूरचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, मोठं स्वप्न पाहणारे नेते मिळाले म्हणून मेट्रो आली, वर्धा रोडवर डबलडेकर पूल झाला. दुसरा म्हणतो, तुकाराम मुंढेंसारखा आयुक्त टिकू दिला असता तर शहर सुधारलं असतं. दोघांनाही हवा असतो एकच खमका माणूस. कोपनहेगनमध्ये राहून मला हे पटेनासं झालंय.

2 जुलै 2011 ला इथे दोन तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस कोसळला. तळघरं बुडाली, रस्ते बंद पडले. 2012 मध्ये ढगफुटीचा आराखडा आला: 20 वर्षांत 300च्या आसपास कामं, खर्चाचा मोठा वाटा पाणीपट्टीतून. पुढे महापौर बदलले, कामं चालूच राहिली. एंगहेव्ह बागेत गेलं की ते दिसतं. 2019 मध्ये नव्याने केलेली ही बाग 2 कोटी लिटरहून जास्त पाणी साठवू शकते. एरवी तिथल्या खोलगट मैदानात पोरं बॉल खेळतात, म्हातारी माणसं कठड्यावर ऊन खात बसतात. मोठा पाऊस आला की आधी मैदान भरतं, मग बाग, आणि तोच कठडा पाणी अडवतो.

आपल्याकडे 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी नाग नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं. माझ्या मावशीने ती पहाट दिवाणावर उभं राहून काढली. समोर फ्रिज तरंगत होता. तलावाच्या सांडव्याजवळच्या विवेकानंद स्मारकामुळे पाणी अडतं का, यावरून वाद झाला, कोर्टात गेला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण वॉर्डातल्या लोकांनी जाब विचारायचा कोणाला? महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती. निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते.

श्रीमंत देशाशी तुलना कशाला, असं काका म्हणतात. पैशाचा फरक आहेच. पण भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, ते नागपूरनेच करून दाखवलंय. ते दोन संस्थांच्या करारावर चालतं, म्हणून आयुक्त बदलले तरी बंद पडलं नाही. मला तर पुलापेक्षा या कामाचा जास्त अभिमान वाटतो.

आता सभागृह आहे. नाग नदी आणि अंबाझरीच्या पाण्याचा वीस वर्षांचा आराखडा तिथे मतदानाने मंजूर करा, दरवर्षीच्या बजेटमध्ये त्याचा पैसा वेगळा ठेवा, आणि कुठलं काम कुठवर आलं ते प्रत्येक झोन ऑफिसात लावा. मावशीच्या वॉर्डातल्या नगरसेवकांना मी हेच लिहून पाठवतोय.