कायदा वजन करतो, वय विचारत नाही

महाशिवरात्र आली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण. एक गट म्हणतो, गांजा म्हणजे शंकराचा प्रसाद, उगाच बदनाम केलाय. दुसरा म्हणतो, एक झुरका मारला की पोरगं गेलंच. यंदा मी मध्ये पडलो आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. तिथं मावलं नाही ते इथं लिहितोय. लांब आहे, आधीच सांगतो.

आधी आमचे अण्णा. माझे चुलत आजोबा, पखवाज वाजवायचे. एकादशीचं भजन उरकलं की देवळामागच्या कट्ट्यावर चिलीम निघायची. ओल्या फडक्याची छापी गुंडाळून चार-पाच जण आळीपाळीनं ओढायचे, मग बराच वेळ कुणी बोलायचं नाही. अण्णा ऐंशीच्या पुढं जगले. भावकीतले गट नंबर शेवटपर्यंत तोंडपाठ. तलाठी दप्तर उघडेपर्यंत ते आकडा सांगून मोकळे व्हायचे. ग्रुपवरचा पहिला गट असलीच उदाहरणं देतो. पण त्याच कट्ट्यावर आणखी एक जण बसायचा, पंधरा-सोळाव्या वर्षीच चिलमीला लागलेला. विशी ओलांडली आणि तो विहिरीशी बोलायला लागला. त्याचं उदाहरण कुणी देत नाही, कारण गावात त्याचं नावच निघत नाही. गांजानं त्याचं डोकं फिरवलं की फिरायचंच होतं आणि गांजा निमित्त झाला, हे मी सांगू शकत नाही.

ही अडचण जुनीच आहे. १८९३-९४ साली इंग्रज सरकारनं गांजा-भांग-चरसवर आयोग नेमला होता. हजाराहून जास्त साक्षीदार, अहवालाचे सात खंड. गांजानं माणूस वेडा होतो अशी तेव्हाही ओरड होती, म्हणून आयोगानं वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी काढून पाहिल्या. वेडाच्या कारणापुढं 'गांजा' लिहिलेलं असायचं खरं, पण ती माहिती बहुतेक वेळा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाची! एकेका रुग्णाची खोलात चौकशी केल्यावर त्यातली बरीच नावं गळाली. आयोगाचं मत पडलं की बेताच्या वापरानं फारसं बिघडत नाही, अतिरेक वाईट, आणि सरसकट बंदीची गरज नाही.

पहिला गट इथं टाळ्या वाजवेल. जरा थांबा.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी अकरावीत एक मुलगा होता. फळ्यावर उदाहरण सोडवताना मी मुद्दाम एक ओळ गाळायचो, तर हा मागच्या बाकावरून ओरडायचा, "सर, वजा राहिलं!" दिवाळीनंतर तो ओरडेना. बारावीत त्याला फळ्याशी बोलावलं. इंटिग्रेशनच्या पहिल्या ओळीत वजा चिन्ह बरोबर होतं, दुसरीत होतं, तिसरीत गायब. परत मागं गेला, तेच. खडू हातात धरून नुसता उभा. सूत्र पाठ होतं, पण एक गोष्ट हातात धरून दुसरी करायची म्हटलं की पहिली गळून पडत होती. पुढं कळलं, वर्षभर रोज संध्याकाळी ओढत होता.

एका मुलावरून सिद्धांत मांडायचा नसतो, म्हणून वाचत गेलो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांची माहिती संशोधक जन्मापासून ठेवतायत. २०१२ साली त्यांनी मांडलं की किशोरवयात सुरू करून पुढं वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक अडतिशीपर्यंत आठ गुणांपर्यंत घसरला. मोठेपणी सुरू करणाऱ्यांत तशी घसरण दिसली नाही. यावर आक्षेपही आले. ही घसरण घरच्या परिस्थितीची असेल, असं एकानं म्हटलं. अमेरिकेत जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात ओढणारा भाऊ न ओढणाऱ्यापेक्षा जास्त घसरलेला दिसला नाही. २०१८ साली कुणी ६९ अभ्यास एकत्र केले. तरुण वापरणाऱ्यांत स्मरण-एकाग्रतेवर परिणाम दिसला, पण लहान, आणि तीन दिवसांहून जास्त काळ बंद ठेवलेल्यांत तो जवळजवळ पुसला गेला. म्हणजे 'एक झुरका आणि पोरगं गेलं' हे खोटं. पण रोज ओढणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला ते तीन दिवस मिळतात कुठं? त्याची अख्खी बारावी त्या धुरात जाते. शिवाय २०१९ साली मुख्यतः युरोपातल्या शहरांतून आलेला अभ्यास सांगतो की टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, दहा टक्के किंवा त्याहून जास्त असलेला कडक माल रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट.

थोडक्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. वय किती, रोज का कधीमधी, आणि माल किती कडक. आता आपला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, काय विचारतो बघा. वजन! एक किलोपर्यंत गांजा ही 'अल्प मात्रा', शिक्षा वर्षापर्यंत. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर गेलं की 'व्यापारी मात्रा', किमान दहा वर्षं, आणि जामीन मिळता मिळत नाही. भांगेची नुसती पानं या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतच नाहीत, कारण गांजा म्हणजे फुला-फळांचे शेंडे. मग जप्तीच्या वेळी देठ, बिया, पानं सगळं एकत्र तोललं जातं आणि वकील त्यावरच भांडतात. मुंबई उच्च न्यायालयानं या मुद्द्यावर जामीनही दिलेत.

आणि गंमत पुढंच आहे. बँकॉकहून मुंबई विमानतळावर जो 'हायड्रो', म्हणजे मातीविना पाण्यावर वाढवलेला कडक गांजा पकडतात, त्याची किंमत कस्टमवाले किलोला साधारण एक कोटी लावतात. त्याला आणि शिरपूरच्या शेतात कपाशीआड सापडणाऱ्या गांजाला कायद्याचा तराजू एकच. नऊशे ग्रॅम हायड्रो म्हणजे नव्वद लाखांचा माल, तरी 'अल्प मात्रा'.

कुणी म्हणेल, मुलांसाठी तरतूद आहे. आहे ना. बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आमच्या कॉलेजबाहेरच्या टपरीवाल्याला ते कधी लागलेलं मी पाहिलं नाही. पोलीस आले की पोरांचे खिसे तपासतात.

जर्मनीनं एप्रिल २०२४ मध्ये मोठ्यांना परवानगी दिली, २५ ग्रॅमपर्यंत जवळ ठेवायला. लोक तेवढंच फॉरवर्ड करतात. पण तिथल्या, सभासदांसाठी गांजा पिकवणाऱ्या क्लबांना २१ वर्षांखालच्यांना दहा टक्क्यांहून कडक माल देता येत नाही, हे कुणी पाठवत नाही. कॅनडातल्या क्विबेक प्रांतानं वयाची अट २१ वर नेलीय. मोकळीक द्यायची की नाही यावर माझं मत अजून डळमळतं, पण विचारायचं काय ते या लोकांना कळलंय. माझ्यापुरतं सांगायचं तर पन्नाशीतल्या माणसानं घरात चिलीम ओढली म्हणून त्याला आत टाकू नये, आणि सोळा वर्षांच्या पोराला पुडी विकणाऱ्याला सोडू नये. आज उलटं चाललंय.

माझ्या त्या वजा विसरणाऱ्या मुलाचे वडील एसटीत कंडक्टर. स्टाफरूममध्ये आले, खुर्ची दिली तरी बसेनात.

"सर, पोलीस केस झाली तर पासपोर्टसुद्धा मिळत नाही म्हणतात."

"तुम्ही बसा आधी. डॉक्टरांकडं नेलं का त्याला?"

"नाही हो. तिथं नाव लागेल ना."

चार महिने त्यांनी या भीतीपायी घालवले होते. मी वकील नाही, पण याच कायद्यात कलम ६४अ आहे हे मला माहीत होतं. व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि ते पुरे केले, तर सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात त्याला खटल्यातून सूट मिळते. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, हेही सांगितलं. त्यांनी खिशातून तिकीट मशीनच्या कागदाची पट्टी काढली, मागच्या बाजूला '६४अ' लिहिलं, दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवली.

मुलाचं बारावीचं वर्ष गेलंच. पुढच्या पावसाळ्यात तो रविवारी माझ्याकडं यायला लागला. सुधारला तो उपचारानं, की मित्र बदलले म्हणून, की नुसत्या वयानं, मला ठाऊक नाही. एकदा उदाहरण सोडवता सोडवता मध्येच थांबला, बोट मागं नेत वर गेला आणि म्हणाला, "सर, इथं वजा होतं ना?"

होतं.