टाकीचा पोचा घरच्या घरी, फुकटात कसा काढावा

सगळ्यात आधी अभिनंदन. पार्किंगमधे शेजारच्यांची स्कूटर कलंडली, तिच्या हँडलचं टोक तुमच्या यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलच्या टाकीत घुसलं आणि लिंबाएवढा पोचा पडला. आता तो तुम्हाला जन्मभर दिसणार, सिग्नलला, पंपावर, झोपेतसुद्धा. बाकी कुणाला दिसत नाही हा भाग वेगळा. १९९६ साली बंद झालेली गाडी, दोन वर्षं शोधून, "ओरिजिनल पेंट आहे साहेब, कंपनीतून निघाली तशी" हे ऐकून वर दहा हजार जास्तीचे मोजून घेतलेली, आणि तिला पोचा!

तर पहिली चूक तुम्ही करणार ती म्हणजे नाना पेठेतल्या डेंटिंगवाल्या चाचांकडे जाणार. ते गाडीकडे न बघता सांगतील, टाकी उतरवून ठेवून जा, आठ दिवस, अडीच हजार. एवढ्याशा पोच्याला अडीच हजार? भांड्यांवाला पातेल्याचे पोचे दोन मिनिटांत ठोकून देतो की! आता चाचा म्हणतील की पातेल्यात हात जातो, टाकीत जात नाही, आत जायला एक झाकणाचं भोक आणि खाली एक पेट्रोलच्या कॉकचं भोक, आणि मधोमध फ्रेमवर बसायला पत्र्याचा बोगदा, म्हणजे मागून हातोडी मारायला जागाच नाही. हे सगळं खरं आहे, पण ऐकायचं नाही. आपल्याकडे इंटरनेट आहे.

पहिला उपाय, हेअर ड्रायर आणि बर्फ. बायकोचा ड्रायर घ्या (विचारून घेऊ नका, विचारलं की प्रश्न येतात), पोचा चटका बसेल इतका गरम करा आणि वर बर्फ घासा. व्हिडिओत पत्रा 'टॉक' करून बाहेर येतो. तो कारचा दरवाजा असतो, मोठा, सपाट, आणि पोचा उथळ, पत्रा नुसता आत दबलेला. तुमच्या टाकीला सगळीकडून गोलाई आणि पोच्याला टोकदार कड, तिथे पत्रा ताणला गेलाय, ताणलेला पत्रा थंडी वाजली म्हणून आखडत नाही. पण दोन तास करत राहा, टाकी स्वच्छ तरी होते.

दुसरा उपाय हवा भरण्याचा, हा सोसायटीतल्या सगळ्या इंजिनिअरांना एकदमच सुचतो. कॉक बंद करा, झाकणाच्या जागी रबराचं बूच ठोका, पंक्चरवाल्याकडून ३० पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड) हवा मारा, पोचा आतून ढकलला जाईल. बरोबर आहे, ढकलला जाईल. टाकीची एक बाजू नुसती शंभर चौरस इंच धरली तरी तिच्यावर ३,००० पौंड, म्हणजे १,३६० किलो जोर येतो. आणि पोच्याच्या कडेला पत्रा दुमडून कडक झालेला असतो, त्यामुळे हवा त्याच्या नादी लागत नाही, ती आधी खालचा बोगदा फाकवते. टाकी गणपतीच्या पोटासारखी होते आणि मग फ्रेमवर बसतच नाही. पोचा होता तिथेच, मजेत.

वेल्डिंगवाल्याकडे जायचं मनात आलं असेल तर इथे मात्र मी गंमत करत नाही. तुम्ही म्हणाल पेट्रोल काढलंय, टाकी रिकामी आहे, काय होतंय. रिकामी टाकीच जास्त वाईट. पेट्रोलची वाफ हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास मिसळली की ठिणगीची वाटच बघत असते, भरलेल्या टाकीत हवेला जागा तरी नसते. चाचा आठ दिवस का मागत होते त्यातले दोन-तीन दिवस नुसते ही टाकी धुण्याचे, वाळवण्याचे आणि ब्रेझिंगच्या (पितळ वितळवून जोडण्याच्या) आधी आत पाणी भरून वाफेला जागाच न ठेवण्याचे होते. तुम्हाला वाटलं म्हातारा टंगळमंगळ करतो. असो.

आता तिसरा, ग्लू गनचा उपाय, आणि हा सगळ्यात शिकवणारा. गरम गोंदाने प्लॅस्टिकची गुंडी पोच्यावर चिकटवायची आणि ओढायची. कंपनीचा पेंट पत्र्याला धरून बसतो, तो सहसा निघत नाही, म्हणून निर्धास्त ओढा. गुंडीबरोबर तळहाताएवढा लाल पापुद्रा निघेल. त्याच्या मागे काळा रंग. त्याच्या मागे राखाडी, खडूसारखं काहीतरी, जे कंपनीत भरत नाहीत.

ती लांबी आहे, म्हणजे पोचे बुजवायचा लगदा. कुणी भरली, कधी भरली, असले प्रश्न विचारायचे नाहीत, ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि घासत राहा. पाव इंच खाली गेलात की तुमच्या लिंबाशेजारी अजून एक पोचा सापडेल, वाटीएवढा, जुना, खानदानी. म्हणजे तुम्ही एक पोचा काढायला बसलात आणि आता तुमच्याकडे दोन आहेत.

मग काय, आपणही लांबीच भरायची. लांबी घट्ट करणारा हार्डनर अंदाजाने टाका, जास्त पडला तर पत्र्यावर पसरायच्या आधी डब्यातच दगड होतो, कमी पडला तर आठवडाभर श्रीखंड. वरून स्प्रेचा डबा मारा. रंग जुळणार नाहीच, कारण बाकीची गाडी तीस वर्षं उन्हात वाळलीये, म्हणून अख्खी टाकी मारा, मग साईड पॅनल वेगळे दिसतात म्हणून तेही मारा. पहिल्या दिवशी पंपावर पोऱ्या टाकी काठोकाठ भरतो, दोन थेंब सांडतात आणि डब्यातला साधा रंग पेट्रोलने चिघळून जीन्सला लागतो. हार्डनरवाला टू-के पेंट पेट्रोलला दाद देत नाही, पण तो चाचांकडे होता, अडीच हजारात धरलेला.

एव्हाना तुमचे साडेचार हजार गेलेत, ड्रायर जळालाय, आणि गाडी विकायचा विचार घरातल्यांच्या मनात तुमच्या आधी आलाय. जाहिरातीत बिनधास्त लिहा, ओरिजिनल पेंट, कंपनीतून निघाली तशी, टाकीला एकही डेंट नाही. शेवटचं तर शंभर टक्के खरं आहे. बघायला जो पोरगा येईल तो किक मारून आवाज ऐकेल आणि तिथेच विरघळेल, त्याला टाकीवरून हात फिरवू द्या, लांबी हाताला कळत नाही.

फक्त त्याच्या खिशात फ्रिजला लावायचं लोहचुंबक नाही ना एवढं बघा. जाड लांबीवर ते चिकटत नाही, घसरून खाली पडतं. तुम्ही गाडी घ्यायला गेला होतात तेव्हा तुमच्याही खिशात नव्हतंच.