झिरो हलला

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ घेतलं आणि इकडे विजयदुर्गच्या खाडीकाठी, पडवीतल्या झोपाळ्यावर, माझ्यातला नेमबाज जागा झाला. वय बावन्न, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी येऊन दीड वर्ष झालेलं. या वयात गावी परतलेल्या माणसात काही ना काही जागं होतंच. कुणात हार्मोनियम, कुणात गांडूळखत. मी साडेचार मिलिमीटरची छर्‍याची एअर रायफल घेतली. ताकद वीस ज्यूलच्या आत असल्याने परवाना लागत नाही, आणि बायकोची परवानगी मी गृहीत धरली.

पण नुसत्या बंदुकीवर माझं भागेना. दुर्बीण हवी. आणि घ्यायचीच तर लांब पल्ल्याची, एवढं तर कुणीही म्हणेल. मी ६-२४×५० अशा आकड्यांची निवडली. सहापासून चोवीसपट मोठं दिसणार, पुढच्या भिंगाचा व्यास पन्नास मिलिमीटर. एफडीचं व्याज जास्त असेल ती बँक चांगली, या न्यायाने चोवीस बघून मी पैसे भरले.

पल्ला किती, हा प्रश्न मला दुर्बीण घरी आल्यावर पडला. पडवीच्या टोकापासून वाळूची पोती रचलेल्या गडग्यापर्यंत मोजून वीस मीटर. पलीकडे माड, माडापलीकडे फणस, फणसापलीकडे काकीचं घर. कोकणात लांब पल्ला फक्त समुद्राकडे असतो, बाकी सगळीकडे कुणाची तरी आंब्याची फांदी मध्ये येते.

गडग्यावर सुतळीने करवंटी टांगली आणि डोळा लावला. करवंटी दिसेना, तिचं भूत दिसलं. या दुर्बिणीचा फोकस पन्नास यार्डांच्या अलीकडे येतच नव्हता. शिवाय चोवीसपटीवर माझ्या छातीचे ठोकेही चोवीसपट झाले आणि ते भूत प्रत्येक ठोक्याला उडी मारू लागलं. गणपतीला आलेल्या इंजिनियर पुतण्याने बंदूक हातात घेतली, दुर्बीण बघितली आणि आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलावं तसं बोलला.

"काका, ही स्प्रिंगची गन आहे. आतला दट्ट्या सुटतो तेव्हा गन आधी मागे येते, आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढे हिसका बसतो. मोठ्या रायफलच्या दुर्बिणी मागच्या धक्क्याला तयार असतात. या पुढच्या हिसक्याने आतली नेम धरायची फुलीच सुटून पडेल."

मग जाताजाता म्हणाला, "आणि ऑलिंपिकमध्ये त्या रायफलला दुर्बीण लावायची परवानगीच नसते. बारीक भोकातून बघतात नुसतं. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं, तेही ५० मीटरवर."

ही माहिती त्याने पैसे भरायच्या आधी द्यायला हवी होती. असो. दुकानदाराशी पंधरा दिवस फोनाफोनी होऊन ती दुर्बीण परत गेली आणि दुसरी आली. ३-९×४०, स्प्रिंगच्या गनसाठीच बनवलेली, पुढचं कडं फिरवलं की फोकस दहा मीटरपर्यंत अलीकडे येणारी. दिसायला साधी. पहिली जर नवरदेव, तर ही त्याचा मुनीम.

दुर्बीण बसवणं ही आमच्या भागातली जुनी विद्या आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला साहेबाने तिथे दुर्बीण मांडली होती, असं सांगतात. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात जी पिवळी रेघ दिसली तिच्यातून पुढे हेलियमचा शोध लागला, म्हणून गावात हेलियम दिवसही साजरा होतो. साहेबाला सूर्य बघायला दगडी ओटा लागला. मला करवंटी बघायला दोन कडी, आठ स्क्रू आणि एक मेस्त्री लागला.

मेस्त्री लागायचं कारण ओळंबा. दुर्बिणीतली फुली बंदुकीवर अगदी उभी बसली पाहिजे. तिरकी बसली तर जवळ कळत नाही, पण अंतर वाढलं की नेम एका बाजूला घसरत जातो. म्हणून समोर ओळंबा टांगायचा आणि फुलीची उभी रेघ त्याच्या दोरीवर आणायची. आमचे मेस्त्री चाळीस वर्षं चिरे रचतायत. त्यांनी फणसाला ओळंबा लावला, दुर्बिणीत बघितलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"भाऊनू, फुली बरोबर आसा," शेवटी म्हणाले. "पडवीचो खांब वाकडो आसा."

खांब त्यांच्या वडिलांनी उभा केलेला. घर माझ्या वडिलांनी बांधून घेतलेलं. पाया कुणी चुकवला यावर पाऊण तास चर्चा झाली, दोन्ही वडील वर असल्याने निकाल लागला नाही. खांब अजून तसाच आहे. मला आता तो रोज दिसतो.

मग स्क्रू. हे एका बाजूचे पिळून मग दुसर्‍या बाजूचे, असं करायचं नसतं. मोटारच्या चाकासारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, आणि जेमतेम दोन न्यूटन-मीटर एवढ्याच जोराने, नाहीतर दुर्बिणीची नळी चेपते. मी हे समजावेपर्यंत मेस्त्रींनी पहिला स्क्रू कडकन आवळला होता.

"माज्या हातात न्यूटन आसा," ते म्हणाले. नळीवर तिथे अजून चमकदार वळ आहे.

डोळा दुर्बिणीपासून तीनेक इंच लांब ठेवायचा, हे मी वाचलं होतं. पण बारकं काही बघायचं म्हटलं की माणूस जवळ जातोच. चौथ्या छर्‍याला भुवईवर चंद्रकोर उमटली. बायकोने हळद लावली आणि दोन दिवस वाडीत कुणी विचारलं की नुसती हसायची. तिने काहीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मग झिरो. नेम जिथे, छर्रा तिथे, म्हणजे झिरो. दुर्बिणीवर दोन चकत्या असतात, एक वरखाली, एक डावीउजवीकडे, आणि फिरवल्या की टिक टिक वाजतात. वीस मीटरवर एक टिक म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. छर्रा तीन सेंटिमीटर डावीकडे जात असेल तर उजवीकडे वीस टिक. हे गणित सकाळी करायचं, कारण दुपारी खारा वारा सुटला की छर्रा आपल्या मनाने चालतो. सहा सकाळी गेल्या. सातव्या सकाळी पाच छर्रे करवंटीच्या तिन्ही डोळ्यांच्या मधोमध बसले, अगदी रुपयाखाली झाकले जातील असे. मी करवंटी आत आणून देव्हार्‍याच्या बाजूला ठेवली.

त्याच संध्याकाळी काकी आली. "तुज्याकडे दुर्बीण आसा म्हणतत. सड्यावर न्हेऊन बघूया, होडये इले काय."

आता बंदूक माणसांच्या दिशेला धरणं शक्यच नाही, म्हणून दुर्बीण काढावी लागली. आठही स्क्रू नव्हेत, बुडाचेच सोडले. पण काढून परत लावली की झिरो हलतो म्हणजे हलतोच. परत चार सकाळी. चौथ्या सकाळी शेजारच्या बागवाल्याला शेंड्यावरचा हापूस तयार झालाय का बघायचा होता. मग कुणाला खाडीपलीकडची म्हैस आपलीच का ते. दुर्बीण गावाची झाली, झिरो मात्र माझा एकट्याचा राहिला.

काकीने एकदा ती परत आणून दिली तेव्हा लखलखीत होती. "पुसलंय हां," म्हणाली. पदराने. बांगडे कापून आलेल्या पदराने. भिंगावर एक खवला होता आणि त्याच्याभोवती गोल गोल बारीक ओरखडे. भिंग कसं पुसतात? आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ ब्रशने झटकायचं, मग भिंगाच्या कापडावर एक थेंब द्रव घेऊन, भिंगावर नव्हे, हलक्या हाताने पुसायचं. हे सगळं मी काकीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "पोराक न्हाणंय त्यापेक्षा जास्त," म्हणाली.

पाऊस तर वेगळंच प्रकरण. आतल्या नळीत नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून आतून धुकं धरत नाही, पण बाहेरच्या भिंगाला कोकणातला जुलै कोण समजावणार? इथे चपलेला, चामडी पट्ट्याला, लग्नाच्या अल्बमला बुरशी येते, तिथे भिंगाची काय कथा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खाऊन टाकतात. उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. मी वर्षभर बुटांच्या खोक्यांतल्या आणि औषधाच्या बाटल्यांतल्या पुड्या जमवल्या आणि चकलीचा डबा ताब्यात घेतला. श्रावणात बायकोच्या माहेरची माणसं आली. तिने मोठ्या अगत्याने डबा काढून त्यांच्यासमोर उघडला. मेहुण्याने एक पुडी उचलून वास घेतला. यापुढचं मी लिहीत नाही.

परवा, बर्‍याच महिन्यांनी, झिरो पुन्हा जमला. वारा नव्हता. तीन छर्रे एका भोकात. चौथा भरला तेवढ्यात गडग्यापलीकडून काकीची हाक आली.

"एस्टी इली रे! कोण उतरला ता बघ!"

मी निमूटपणे पाना आणला, बुडाचे स्क्रू सोडले, दुर्बीण तिच्या हातात दिली. तिने चष्म्यावरच टेकवली.

"काळोख दिसता."

"तीन इंच लांब धर गे काकी. आणि ते कडं फिरव."

तिने लांब धरली, जवळ धरली, उलटी धरून बघितली, मग माझ्या हातात परत देऊन नुसत्या डोळ्याने फणसाच्या फांदीखालून तिकटीकडे बघितलं.

"तुजो धाकटो मामा. फणस घेवन येता. कापो न्हय, बरको."

मी दुर्बीण डोळ्याला लावून कडं फिरवत होतो. मामा अजून धुक्यातच होता.