ओसी नसलेल्या टॉवरचा दंड बिल्डर सोडून सगळे भरतात

मुंबईत नियम मोडून इमारत उभी राहिली की आपण म्हणतो, पालिका झोपली होती. गोम वेगळीच आहे. बिल्डरची शेंडी पालिकेच्या हातात असते ती ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा भोगवटा दाखला, मिळेपर्यंत. लोक ओसीशिवाय राहायला गेले की ती सुटली.

क्रम बघा. आधी आयओडी (नकाशाला अटींसह मंजुरी), मग जोत्यापर्यंतची सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी), जोतं तपासलं की वरच्या मजल्यांची सीसी, शेवटी ओसी. यातली सगळ्यात स्वस्त तपासणी जोत्याची. कंपाउंडच्या भिंतीपासून जोत्यापर्यंत टेप लावायची आणि आकडा मंजूर नकाशाशी ताडून बघायचा. चूक निघालीच तर त्या टप्प्यावर काँक्रीट तुटतं, कुणाचा संसार नाही. पण या मापाचा दाखला देतो आर्किटेक्ट, आणि त्याची फी देतो बिल्डर! पालिकेच्या इंजिनीअरने स्वतः टेप धरली नाही तर नकाशात 6 मीटर असलेली मोकळी जागा साइटवर साडेचार होते. पुढे तिथेच जनरेटर बसतो, वॉचमनची केबिन येते, दोन गाड्या लागतात, आणि अग्निशमन दलाची शिडीची गाडी गेटवर अडकते. शिवाय कमी पडलेली मोकळी जागा पालिकेला प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून माफ करून घेता येते. ज्याने अडवायचं तोच पैसे घेऊन सूट देतो, मग धाक कसला राहणार?

दुसरी पळवाट म्हणजे ‘फिट-आउट पझेशन’. पत्रात लिहिलेलं असतं की फर्निचरचं काम करून घ्या, हा ताबा नव्हे. चावी मात्र हातात देतात, उरलेले पैसे घेतात, दोन महिन्यांत वर घरं भरतात. 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यात ओसीआधी ताबा द्यायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 17 डिसेंबर 2024 रोजी मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले: ओसीशिवाय ताबा देणार नाही असं बिल्डरकडून लिहून घ्या, आणि पाणी-वीज जोडणी ओसी बघूनच द्या. आपल्याकडे ओसी नसलेल्या इमारतीला माणुसकी म्हणून पाणी मिळतं, पण जादा दराने. मजले बेकायदा ठरले तर मुंबई महापालिका कायद्याच्या 152अ कलमाखाली मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, आणि ती भरूनही बांधकाम कायदेशीर होत नाही. हे सगळं भरतो कोण? रहिवासी. बिल्डरचं फार तर आयओडी डिपॉझिट जातं, तेही एका फ्लॅटच्या किमतीपुढे चिल्लर.

वरळीच्या कॅम्पाकोलात परवानगी 5 मजल्यांची होती, एक इमारत 20 पर्यंत गेली. घरं सोडायची वेळ रहिवाशांवर आली. परळच्या क्रिस्टल टॉवरला ऑगस्ट 2018 मध्ये आग लागून 4 जण गेले, तेव्हा लोक तिथे ओसीशिवाय राहत होते.

पार्ट ओसीचंही, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरत्या ओसीचंही, तेच. विक्रीचे मजले आधी सुटतात. आरजी (खेळायची-फिरायची मोकळी जागा), पार्किंग टॉवर, पावसाच्या पाण्याची टाकी ‘शेवटच्या फेज’मध्ये. ती फेज येतच नाही. 10,000 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर 25 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती पहिल्या पार्ट ओसीआधी ताब्यात द्यायला लावा, बघा बिल्डर कसा पळत येतो.

तक्रार करणाऱ्यांसाठी थोडं. आधी नियोजन प्राधिकरण कोण ते बघा: पालिका, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) की म्हाडा. चुकीच्या दारात गेलात तर सहा महिने गेले म्हणून समजा. पालिका असेल तर काम चालू असताना इमारत प्रस्ताव विभाग, ओसीनंतर वॉर्डाचा इमारत व कारखाने विभाग. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून एकच पत्र दोघांना द्या आणि पोच घ्या. ‘अनधिकृत बांधकाम चालू आहे’ असं मोघम लिहू नका. मंजूर नकाशात पूर्वेला इतके मीटर, जागेवर इतके, सोबत टेपसकट फोटो, असं लिहा. काम चालू असेल तर त्याच महापालिका कायद्याच्या 354अ कलमाखाली काम थांबवण्याची नोटीस मागा. माहिती अधिकारात 10 रुपये भरून फाईलची पाहणी मागा आणि फाईल समोर आली की पहिल्यांदा जोत्याचा दाखला शोधा. त्यावरची तारीख आणि पुढच्या सीसीची तारीख शेजारीशेजारी ठेवून बघा. दोन्ही एकाच आठवड्यातल्या असतील, तर टेप घेऊन कोण आणि कधी गेलं होतं, त्या भेटीचा अहवाल मागा.