थ्रेड एकच, तरीही धोका

गोव्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो आहे. लोकलटाइम (स्थानिक वेळ काढणारे), आयनेट-एनटोए (आयपी पत्ता मजकुरात लिहून देणारे), स्ट्रटोक (स्ट्रिंगचे तुकडे पाडणारे) ही सी भाषेतील फंक्शने स्थिर डेटाचा, म्हणजे दर कॉलला पुन्हा वापरल्या जाणाऱ्या एकाच जागेचा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देतात, याची धास्ती फक्त अनेक थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कार्यधाग्यांच्या) प्रोग्रामात बाळगावी. एकाच थ्रेडमध्ये पॉइंटर आपल्या व्हेरिएबलमध्ये ठेवला की भागते, मेमरी फ्री करावी लागत नाही, आणि नावाअखेरीस ‘अंडरस्कोर आर’ असलेले, जागा आपल्याकडून घेणारे पर्याय मानकात नाहीतच, असे त्यात म्हटले आहे.

फ्री करावे लागत नाही हे खरे आहे. किंबहुना ते करूच नये.

थ्रेडचा मुद्दा मात्र मुळातच चुकला आहे. रायबंदर–चोडण फेरीबोटीची सकाळी ६:३०ची वेळ भारतीय आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अशा दोन्ही प्रकारे छापायची आहे, असे समजा. यूटीसी वेळ देणाऱ्या जीएमटाइमचा पॉइंटर एका व्हेरिएबलमध्ये ठेवला, लोकलटाइमचा दुसऱ्यात, आणि मग दोन्ही छापले, तर जीलिबसीवर (लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीवर) १:०० आणि ६:३० याऐवजी दोन्हीकडे ६:३० दिसते, कारण दोन्ही फंक्शने एकाच स्ट्रक्चरमध्ये (वेळेचे घटक एकत्र ठेवणाऱ्या जागेत) लिहितात आणि मानकाने तशी मुभा दिलेली आहे. साडेपाच तास गायब, आणि कंपायलर गप्प! आयनेट-एनटोएचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे: जीलिबसीमध्ये त्याचा बफर (निकाल लिहायची जागा) प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र मिळतो, तरीही छापणाऱ्या एकाच प्रिंटएफमध्ये दोन पत्ते दिले की एकच पत्ता दोनदा छापला जातो. शिवाय दुसरा कॉल तुम्हीच केला पाहिजे असेही नाही. मधल्या एखाद्या लॉग फंक्शनने वेळेचा शिक्का मारण्यासाठी लोकलटाइम वापरले, तरी तुमच्या हातातली वेळ बदलते.

‘व्हेरिएबलमध्ये ठेवला’ म्हणजे नक्की काय ठेवले, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही. पॉइंटरची प्रत म्हणजे पत्त्याची प्रत. त्या पत्त्यावरचा मजकूर तिने सुरक्षित होत नाही. पॉइंटरमागचे संपूर्ण स्ट्रक्चर लगेच आपल्या स्ट्रक्चरमध्ये उतरवून घेतले, तर एका थ्रेडपुरते काम नीट होते.

स्ट्रटोकला या यादीत बसवणेही ढोबळपणाचे आहे, कारण ते पॉइंटर देते तो तुमच्याच स्ट्रिंगमधला. स्थिर असते ती ‘पुढे कुठून तोडायचे’ याची नोंद. म्हणून स्वल्पविरामाने तोडणाऱ्या लूपच्या आत अपूर्णविरामाने तोडणारे दुसरे स्ट्रटोक चालवले की आतल्याची नोंद बाहेरच्यावर चढते आणि बाहेरचा लूप बहुधा पहिल्याच फेरीत संपतो.

राहिला मानकाचा मुद्दा. लोकलटाइम-अंडरस्कोर-आर पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) १९९५ पासून आहे आणि सी२३ने (सी मानकाच्या अलीकडच्या आवृत्तीने) ते सी भाषेच्या मानकातही घेतले. त्याच सी२३ने वेळ मजकुरात लिहून देणाऱ्या एएससीटाइम आणि सीटाइम यांच्यावर ‘वापर टाळा’ असा शेरा मारला आहे. एएससीटाइमचा बफर २६ बाइटचा आहे, वर्ष पाच अंकी झाले की त्यात मावत नाही. तेच काम करणाऱ्या स्ट्रएफटाइमला मात्र बफर आणि त्याचा आकार दोन्ही आपणच देतो.