खरं लिहिलं, पण दीडशे शब्द भरले नाहीत

एका पोराला शून्य द्या म्हणून मला सांगण्यात आलं, आणि गेला आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवते. तीन वर्षांपासून हा पेपर ऑनलाइन आहे. व्हिडिओ बघा, दिलेलं वाचा, टेस्ट सोडवा आणि दर आठवड्याला 'डिस्कशन' करा. डिस्कशनचे पाच मार्क. एक पोस्ट टाकायची, कमीत कमी दीडशे शब्दांची, आणि दुसऱ्यांच्या पोस्टखाली दोन रिप्लाय. रविवारी रात्री ११:५९ ला दार बंद. शब्द मशीन मोजतं, रिप्लाय मशीन मोजतं, मार्कही तेच टाकतं. माझ्याकडे उरते सही.

सहाव्या आठवड्याचा प्रश्न वरून तयार होऊन आला: 'शहरी पुराची कारणे व उपाय यांवर चर्चा करा.' अहो, नागपूरच्या पोरांना हे विचारता? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे या शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली, मोरभवनच्या स्टँडवर बसेस पाण्यात उभ्या राहिल्या, लष्कराला उतरावं लागलं. माणसं गेली त्यात. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं तेव्हा शाळेत होती, इथेच होती, त्या रात्री गच्चीवर जाऊन बसली होती. त्यांच्या हातात तुम्ही 'कारणे व उपाय' देता? याच्या उत्तराला नागपूर लागत नाही, पाऊस लागत नाही, डोळेही लागत नाहीत.

मग जे व्हायचं तेच झालं. वर्गात २१७ पोरं. शनिवार संध्याकाळपर्यंत पोस्ट आल्या आठ, बाकी सगळ्या रविवारी रात्री जेवणं उरकल्यावर. 'आजच्या वेगाने बदलणाऱ्या जगात शहरीकरण ही एक गंभीर समस्या बनली आहे.' हे वाक्य, नाहीतर त्याचं सख्खं भावंड, वाचून वाचून माझे डोळे दुखले. एआयला विचारायचं, उचलायचं, चिकटवायचं. एकानं तर शेवटची 'हे आणखी सोप्या भाषेत हवे आहे का?' ही ओळसुद्धा तशीच ठेवली होती, म्हणजे स्वतःच्या नावानं टाकताना एकदा नजरही फिरवली नाही त्यानं. खाली रिप्लाय: 'खूप छान माहिती.' 'मी तुझ्या मताशी पूर्णपणे सहमत आहे.' अरे, कोणत्या मताशी? त्यात मत होतं कुठे? एका मुलीच्या पोस्टमध्ये मुंबईची मिठी नदी होती, चेन्नई होतं, अख्ख्या लेखात नागपूर हा शब्द नव्हता. ती डागा लेआउटमध्ये राहते! तिच्या गल्लीत पाणी भरलं होतं!

सोमवारी सकाळी मी शून्यवाल्यांची यादी उघडली. काही रिकामी नावं, आणि मध्ये ही एक पोस्ट. जशी होती तशी देते.

'आमच्या घरी पाणी दरवाजातून नाही आलं. संडासातून वर आलं. आईनं गोधड्या कोंबल्या तरी येतच होतं. मॅडम मग गटाराचं पाणी नदीत जाते का नदीचं पाणी गटारात येते?'

एवढंच. शब्द मोजा, तिशीच्या आत आहेत. रिप्लाय एकही नाही. मार्क शून्य.

मी खुर्चीतून उठले. या पोराने जे विचारलंय ना, तो अख्खा धडा आहे. नदी भरून तिची पातळी नाल्याच्या तोंडाच्या वर चढली की पाणी उलटं फिरतं, पाइपातून मागे येतं आणि ज्या घरांची जमीन खाली आहे त्यांच्या मोरीतून, संडासातून वर येतं. म्हणून दारात वाळूच्या गोण्या रचून काही होत नाही. म्हणून पाइपाला उलटं पाणी अडवणारी झडप लागते. दोनशे पोस्टमध्ये 'ड्रेनेज व्यवस्था सुधारली पाहिजे' लिहिलेलं आहे, आणि ती व्यवस्था बिघडते म्हणजे नेमकं काय होतं हे फक्त या एकाला माहीत आहे, कारण त्याच्या आईनं गोधड्या कोंबल्या होत्या. त्याला शून्य. ज्यांनी चिकटवलं त्यांना पाचपैकी पाच.

को-ऑर्डिनेटर सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, रुब्रिक, म्हणजे मार्कांचे नियम, सगळ्यांना सारखंच आहे. एकाला सूट दिली तर उद्या पन्नास जण येतील." मी म्हटलं, सर, तुम्ही ती पोस्ट वाचा तरी. ते म्हणाले, "वाचायचा प्रश्नच नाही, वर्डकाउंटच बसत नाही." आणि वरून सांगतात की आपलं पार्टिसिपेशन ९८ टक्के आहे, रिपोर्ट चांगला चाललाय, त्यात गडबड नको. वाचायचा प्रश्नच नाही! हे वाक्य एका शिक्षण संस्थेत बसून एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाला बोलतो आणि जीभही अडखळत नाही. किती जणांनी बटन दाबलं त्याची टक्केवारी आपल्याकडे आहे. किती जणांचं डोकं हललं, ते कोणी विचारत नाही.

आणि हे काही एखाद्या कोपऱ्यातल्या पेपरचं दुखणं नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्सेस 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून घेता येतात. स्वयंची आखणीच चार भागांची आहे: व्हिडिओ, वाचनाचं साहित्य, स्वतःची परीक्षा आणि चर्चा. चर्चा हा त्या घराचा चौथा खांब म्हणून धरलेला आहे. तिथे लोखंडाच्या जागी थर्माकोल भरून आपण वर मजले चढवून राहिलो.

"आजकालच्या पोरांना चर्चा येतच नाही, मॅडम." स्टाफरूममध्ये हे रोज ऐकते, आणि आता ऐकून घेणार नाही. आमच्या गेटसमोर तर्री पोह्याचा ठेला आहे. त्याच आठवड्यात तिथे माझ्याच वर्गातली चार पोरं हातात प्लेट घेऊन तावातावानं भांडत होती. विषय काय? सिमेंट रोड. एक म्हणत होता, रस्ता दर वेळी वर चढवतात, घरं खाली राहतात, पाणी घरात येणार नाही तर काय होणार. दुसरा म्हणाला, रस्त्याचं काऊन सांगतोस बे, तुमच्या बाजूच्या प्लॉटवाल्यानं मुरूम टाकून नालीच बुजवली नं. तिसऱ्यानं मोबाइलवर जुना फोटो काढून दाखवला. पहिला गप्प झाला, मग म्हणाला, "हं, ही नाली होती खरी." दावा, प्रतिदावा, पुरावा आणि शेवटी मत बदलणं. पोहे गार झाले होते. यांना चर्चा येत नाही म्हणता? त्यांच्या रविवारच्या पोस्ट नंतर उघडून पाहिल्या. चौघांच्याही 'वेगाने बदलणाऱ्या जगात'नं सुरू होणाऱ्या.

मी त्यातल्या एकाला कॉरिडॉरमध्ये अडवलं. ठेल्यावर बोललास ते का नाही लिहिलंस? तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तिथं कोणी वाचतच नाही नं. मग कायले लिहाचं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सहा आठवड्यांत मी एकाही पोस्टखाली एक ओळ लिहिलेली नव्हती. वाटायचं, २१७ आहेत, कुठून सुरुवात करू. त्या पोराच्या प्रश्नालाही माझ्याआधी मशीननं उत्तर दिलं, शून्य. याचा राग मला स्वतःचाही आहे आणि तो जात नाही.

हे कसं सुधारायचं याचं काही गूढ नाही हो! गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी कॅनडात २००० साली मांडून ठेवलंय की ऑनलाइन चर्चेला चार पायऱ्या असतात: काहीतरी खटकतं, मग माणसं चाचपडतात, मग धागे जोडतात, मग निकालाला येतात. त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं की बहुतेक चर्चा दुसऱ्या पायरीवरच बसून राहतात, आणि त्यांना पुढे ढकलायचं काम प्रश्नाचं आणि शिक्षकाचं असतं. आमच्या प्रश्नात तर पहिली पायरीही नाही. 'कारणे व उपाय' वाचून कोणाला काय खटकणार? बरं, शिक्षकानं सगळीकडे नाक खुपसावं असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या मॅझोलिनी आणि मॅडिसन यांनी २००३ साली दाखवलं की शिक्षक सारखा लिहीत सुटला तर विद्यार्थ्यांचं आपसातलं लिहिणं आटतं. मास्तरानं उत्तर दिलं की विषय संपला, असं पोरांना वाटतं. म्हणजे दिसायचं, पण बोलणं त्यांच्या हातातून काढून घ्यायचं नाही. वर्गात आपण हेच करतो की!

आणि २१७ जण एका जागी कशाला? लग्नाच्या पंगतीतही माणूस शेजारच्याशी बोलतो, अख्ख्या मांडवाशी नाही. दहा-दहाचे गट करा. पहिली पोस्ट बुधवारपर्यंत मागा, म्हणजे उत्तर द्यायला चार दिवस मिळतील. रविवारी रात्री सगळे एकदम आले तर कोण कोणाला वाचेल? मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर चर्चेचा असा प्रकारच आहे की स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. शब्दांची अट ठेवायचीच असेल तर जास्तीत जास्तची ठेवा. नागपुरी मराठीत लिहिलं तर लिहू द्या. एवढं करायला ना पैसा लागतो, ना नवं सॉफ्टवेअर. लागतं ते कोणीतरी वाचणं, आणि नेमकं तेच कोणाला नको आहे.

सातव्या आठवड्यात मी कोणाला न विचारता वीस पोरं घेतली, दोन गट केले. प्रश्न माझा होता: 'तुमच्या गल्लीतलं पावसाचं पाणी कुठे जातं? बाहेर जाऊन बघा. जिथे दिसेनासं होतं तिथला फोटो टाका.' याचं उत्तर एआयजवळ नाही, त्याला तुमची गल्ली माहीत नाही. सोमवारी प्रश्न टाकला, मंगळवारी सकाळी पहिला फोटो आला. संडासाच्या पाण्यावाला पोरगा त्यातच होता. त्यानं भिंतीला स्टीलचा टेप लावून काढलेला फोटो टाकला. पुराची पिवळट रेघ अजून आहे त्यांच्या भिंतीवर, दोनदा चुना मारला तरी वर येते. तीन फूट दोन इंच. आईचा हात टेपचं खालचं टोक धरून होता, हिरव्या बांगड्या दिसत होत्या. खाली तिघांनी लगेच आपापल्या घरातली उंची लिहिली. मग भांडण लागलं की नदीच्या जवळचं घर असून याच्याकडे कमी आणि दूरच्याकडे जास्त कसं. डागा लेआउटवाली मुलगी, मिठी नदीवाली, तिनं अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा विषय काढला, की पाणी त्यानं अडलं; तो वाद हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. दुसऱ्यानं तिला अडवलं, की स्मारकाच्या खालच्या वस्त्यांत नदीचं पात्रच आवळलेलं आहे, त्याचं काय. ती चिडली. दोन दिवसांनी नदीकाठानं चालून आली आणि लिहिलं, 'मी अर्धी चुकले होते.' शुक्रवारी रात्री साडेबारा वाजता मी हे वाचत होते आणि मला रडू आलं.

सरांचा मेसेज आला: हे पोर्टलवर नाही, याचे मार्क कुठे टाकणार, आणि बाकीच्या १९७ जणांना वेगळा न्याय का. बाकीच्यांनाही हाच न्याय द्या, असं मी परत लिहून विचारलंय. उत्तर नाही.

मार्क या सोमवारी लॉक होतात. त्या पोराच्या शून्यावर मी पाच टाकलेत, हातानं. 'बदलाचे कारण' अशी एक चौकट येते तिथे. त्यात मी त्याची अख्खी पोस्ट लिहून ठेवली आहे, गोधड्यांसकट. काल कोणीतरी परत शून्य केलं होतं. आज सकाळी मी परत पाच केलेत.