‘ठेकेदाराची वकिली’ या आक्षेपाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या आरोग्यविम्याच्या सरकारी संकेतस्थळाची 2013 साली जी फजिती झाली, तिच्यावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. सार्वजनिक बांधकाम खात्यात उपअभियंता म्हणून नोकरी केलेल्या माणसाने इतक्या पोटतिडकीने लिहावे, हे मला महत्त्वाचे वाटते, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होण्याऐवजी हे लांबलचक उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे की मी ठेकेदार कंपनीची वकिली केली. खर्च वाढेल तसा नफा वाढत जाईल अशा कराराखाली त्या कंपनीने सरकारी तिजोरी लुटली. काम फसल्यावरही तिला कोणी काळ्या यादीत टाकले नाही. आणि अशा कंपन्यांतून पगार घेणाऱ्या माझ्यासारख्यांना या कशाचीच झळ लागत नसल्यामुळे आम्हाला हे सारे सहज खपते. हे आणि आपल्याकडची टक्केवारी यांत फरक तो काय, असेही आपण विचारले आहे.

मी मेरीलँडमध्ये संघराज्य सरकारचे काम करणाऱ्या एका उपकंत्राटदार कंपनीत नोकरी करतो, हे मूळ लेखातच सांगितले होते, तेव्हा माझ्या हितसंबंधांविषयी आपल्याला शंका आली तर त्यात गैर काही नाही. पुढे ज्या कंपन्यांची नावे येतील त्यांपैकी कोणाशीही माझा संबंध नाही, एवढे नमूद करतो.

प्रथम कराराच्या स्वरूपाविषयी. संकेतस्थळाचा मुख्य भाग बांधण्याचे काम ‘सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस’, म्हणजे सीएमएस, या सरकारी संस्थेने सप्टेंबर 2011 मध्ये ‘सीजीआय फेडरल’ या कंपनीला दिले. हा करार ‘झालेला खर्च अधिक ठरावीक मोबदला’ या प्रकारचा होता. कंपनीचा जो रास्त आणि कागदोपत्री सिद्ध होणारा खर्च होईल तो सरकार भरून देणार आणि त्यावर आधी ठरलेली एक रक्कम मोबदला म्हणून देणार, अशी ही व्यवस्था असते. खर्चाच्या टक्क्यांत मोबदला देणारा करार, ज्यात खर्च वाढवला की मोबदला आपोआप वाढतो, तो अमेरिकेच्या संघराज्य खरेदीत कायद्यानेच निषिद्ध आहे, आणि ठरावीक मोबदल्यावरही, संशोधनाची कामे व बांधकामाचा आराखडा वगळता, अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे ‘जितका खर्च तितका नफा’ हे आपले सूत्र शब्दशः खरे नाही. ते अर्धे खरे मात्र आहे, कारण कामाची व्याप्तीच वाढवली तर वाढीव कामावर वाढीव मोबदला मागता येतो, आणि सीएमएसच्या बाबतीत व्याप्ती सतत वाढतच गेली. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने जुलै 2014 मध्ये दिलेल्या अहवालानुसार या कामासाठी सरकारने देऊ केलेली (बांधलेली) रक्कम 5 कोटी 60 लाख डॉलरवरून फेब्रुवारी 2014 पर्यंत 20 कोटी 90 लाख डॉलरच्या वर गेली.

पावणेचारपट वाढ पाहून कोणालाही संताप येईल. पण ही वाढ कशामुळे झाली, हे त्याच अहवालात आहे: बदलत्या मागण्या हे मुख्य कारण, आणि देखरेखीतल्या त्रुटींनी ते आणखी बिघडले. कोणती राज्ये स्वतःची विमा-बाजारपेठ उभारणार आणि कोणती केंद्राच्या संकेतस्थळावर विसंबणार, हे 2012 संपत आले तरी ठरत नव्हते. अखेरीस 36 राज्यांचा भार या एकाच संकेतस्थळावर आला. खाते न उघडता विमा योजना चाळून पाहण्याची सोय अगदी शेवटच्या टप्प्यात काढून टाकण्यात आली, आणि त्यामुळे नुसते पाहायला आलेल्या प्रत्येकाला आधी खाते उघडावे लागले व सगळी गर्दी त्या एकाच दाराशी तुंबली. सीजीआयचा आणि इतर कंपन्यांनी बांधलेले असे सर्व भाग जोडून टोकापासून टोकापर्यंतची चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत झाली, असे कंपन्यांच्याच अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर 2013 मध्ये संसदीय समितीपुढे सांगितले. आणि या साऱ्या कंपन्यांची कामे एकत्र सांधण्याची जबाबदारी कोणत्याही कंपनीकडे नव्हती. ती सीएमएसने स्वतःकडे ठेवली होती. 1 ऑक्टोबर 2013 रोजी संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा पहिल्या दिवशी सहा, होय, फक्त सहा माणसांची विमानोंदणी पूर्ण झाली.

आता आपल्याच खात्यातले उदाहरण घेतो, कारण माझा मुद्दा आपल्याला माझ्यापेक्षा चांगला कळेल. रस्त्याच्या कामात मोजमाप पुस्तिका (मेजरमेंट बुक, म्हणजे एम. बी.) असते. शाखा अभियंता प्रत्यक्ष जागेवर जाऊन खडीचा थर किती, डांबराचा किती, हे मोजून एम. बी.त नोंदवतो, उपअभियंता तपासणी करून सही करतो, आणि त्याखेरीज देयक पुढे सरकत नाही. ती नोंद खोटी असू शकते, हे आपण माझ्याहून अधिक जाणता; पण खोटी नोंद करायलासुद्धा थर म्हणजे काय आणि तो किती हवा हे माहीत असलेला सरकारी माणूस लागतो. खर्चाधारित सॉफ्टवेअर करारात अशी पुस्तिका नसते. तिथे मोजले जातात ते माणसांचे तास. आमच्याकडे रोजच्या रोज वेळपत्रक भरावे लागते, कोणत्या कामावर किती वेळ गेला ते पाव-पाव तासाने लिहावे लागते, आणि त्यात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, हे दर वर्षीच्या प्रशिक्षणात बजावले जाते. पण ते तास अगदी प्रामाणिकपणे भरलेले असले, तरी त्या तासांतून निपजलेले काम चालते की नाही, हे वेळपत्रकावरून कळत नाही. ते कळण्यासाठी सरकारच्या बाजूला सॉफ्टवेअर वाचता येणारा कोणीतरी हवा. माझ्या लेखाचा सारा रोख इथे होता, आणि तो अजूनही तसाच आहे.

इथल्या पद्धतीत सरकारच्या बाजूला दोन वेगळी माणसे असतात. करार अधिकारी हा एकटाच सरकारला पैशाने बांधू शकतो. काम वाढवणे, बदलणे, थांबवणे, सारे त्याच्या सहीने. त्याचा तांत्रिक प्रतिनिधी रोज आमच्यासोबत बसतो, काम पाहतो, पण ‘हेही करून टाका’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो. बैठकीत तो तसे सहज बोलून जातो, आणि नवखा कंत्राटी कर्मचारी मान डोलावून कामाला लागतो. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच की अशा वेळी नम्रपणे ‘करार अधिकाऱ्यांकडून लेखी आले तर बरे’ असे म्हणायचे. सीएमएसमध्ये हे किती वेळा मोडले गेले, ते जीएओने मोजले आहे: अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यांनी सुमारे 40 वेळा कंपन्यांना वाढीव खर्चाची परवानगी दिली, आणि त्याची बेरीज 3 कोटी डॉलरच्या वर गेली. कंपनीने ही कामे नाकारायला हवी होती का? हो, मला तसे वाटते. आपण त्याला लूट म्हणाल; मी त्याला सोयीस्कर गप्प बसणे म्हणेन. ते निर्दोष आहे असे मी लेखातही कुठे म्हटलेले नाही. पण तिजोरीचे दार उघडणारा हात सरकारी होता, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्या हाताचा उल्लेख एकदाही येत नाही.

आपल्या बाजूने सर्वात बळकट असलेला पुरावा आपण मांडला नाही, म्हणून तो मीच मांडतो. इतके सगळे होऊनही सीएमएसने सीजीआयच्या मोबदल्यातून कापले किती? सुमारे 2 लाख 67 हजार डॉलर. दिलेला मोबदला होता 1 कोटी 25 लाख डॉलर. म्हणजे कपात दोन टक्क्यांच्या आसपास. नोव्हेंबर 2013 पर्यंत काम असमाधानकारक असल्याचे लेखी कळवण्यापर्यंत मजल गेली होती, पण कराराने हातात दिलेली हत्यारे बहुतेक म्यानातच राहिली. का? कारण काम नीट झाले नाही असे ठामपणे म्हणायचे, तर नीट म्हणजे काय हे आधी लिहून ठेवलेले असावे लागते. मागणीच महिन्या-महिन्याला बदलत असेल तर कंपनीचे वकील प्रत्येक बदलाचा ई-मेल समोर ठेवतात आणि सरकारी बाजू निरुत्तर होते.

काळ्या यादीविषयी. इथल्या नियमांत कंपनीला अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, आणि ती वापरलीही जाते, परंतु त्याच नियमांत असे स्पष्ट लिहिले आहे की ही कारवाई सरकारी हिताच्या रक्षणासाठी आहे, शिक्षा म्हणून नाही. फसवणूक, लाचखोरी, हेतुपुरस्सर किंवा वारंवार करारभंग, अशी कारणे त्यासाठी लागतात. संदिग्ध मागणीवर बेतलेले काम फसणे त्यात सहज बसत नाही. सीजीआयचा करार फेब्रुवारी 2014 अखेर संपू दिला गेला आणि काम ‘अ‍ॅक्सेंचर’कडे गेले. ठेकेदार बदलला की प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी यापुढचा आकडा पाहावा: नव्या कराराचा अंदाज जानेवारी 2014 मध्ये 9 कोटी 10 लाख डॉलर होता, आणि त्याच वर्षी जूनपर्यंत तो 17 कोटी 50 लाखांच्या पुढे गेला. कंपनी नवी, आकड्याची चाल मात्र जुनीच. मधल्या काळात संकेतस्थळ सावरले, ते ऑक्टोबर 2013 अखेरीस एका कंपनीवर समन्वयाची स्पष्ट जबाबदारी टाकल्यावर, आणि बाहेरून आलेल्या मोजक्या जाणत्या अभियंत्यांनी त्याच कंपन्यांच्या त्याच माणसांसोबत बसून चुका एकेक करून निस्तरल्यावर. डिसेंबरच्या आरंभी ते बहुतेकांसाठी चालू लागले होते. माणसे तीच होती. त्यांना काय आधी करायचे आणि काय नंतर, हे सांगणारा कोणीतरी आला होता.

आता टक्केवारीचा प्रश्न. फरक आहे असे मी म्हणतो तेव्हा इथे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. इथे 1863 साली, यादवी युद्धात सैन्याला सडका माल पुरवणाऱ्यांना आवर घालण्यासाठी, खोट्या दाव्यांविरुद्धचा एक कायदा झाला आणि तो दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. त्यात सरकारच्या नुकसानीच्या तिप्पट वसुली होऊ शकते, आणि आतली माहिती घेऊन न्यायालयात जाणाऱ्या माणसाला वसुलीचा हिस्सा मिळतो, साधारणपणे 15 ते 30 टक्के. टक्केवारीच म्हणायची तर ही टक्केवारी पाहा! 2023 मध्ये ‘बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन’ने आपल्या खासगी व परदेशी व्यवसायाचे खर्च सरकारी करारांवर टाकल्याच्या आरोपावरून 37 कोटी 74 लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून तडजोड केली, आणि ते प्रकरण उघडकीला आणले होते कंपनीच्याच एका माजी कर्मचाऱ्याने. मात्र हा कायदा खोटेपणा पकडतो, अजागळपणा पकडत नाही. हेल्थकेअर डॉट गव्हचा प्रकार मुख्यतः दुसऱ्या जातीचा होता, आणि त्यासाठी कायदा पुरा पडत नाही, असे माझे मत आहे.

मग सरकारने सगळे घरातच करावे का? नाही, आणि ते शक्यही नाही. 2023 या आर्थिक वर्षात संघराज्य सरकारने करारांवर सुमारे 75,900 कोटी डॉलर खर्ची घातले. एवढे मनुष्यबळ सरकारी आस्थापनेवर आणण्याची कोणाचीही तयारी नाही. निर्णय घेणे, धोरण ठरवणे, पैशाची बांधिलकी करणे ही मूलतः सरकारी कामे आहेत आणि ती कंत्राटदाराला देता येत नाहीत, असा इथला नियम आहे. माझ्या मते ‘हे सॉफ्टवेअर चालते की नाही’ हा निर्णयही त्याच यादीत मोडतो. 2014 मध्ये या धड्यानंतर ‘युनायटेड स्टेट्स डिजिटल सर्व्हिस’ स्थापन झाली, आणि त्याच वर्षी ‘एटीन-एफ’ हा तंत्रज्ञांचा गटही. सरकारी बाजूने बसून कंत्राटदाराचे काम वाचू शकतील अशी ही माणसे होती. एटीन-एफ मार्च 2025 मध्ये बंद करण्यात आला. त्यात वाचलेल्या पगारांचा हिशेब कोणी दाखवला तर तो मी पाहीन, पण त्याच्या शेजारी पुढच्या करारांतली वाढही मांडावी लागेल.

शेवटी झळ. कंपनीला ती कितपत लागते यावर आपला-माझा मतभेद राहील, पण कंपनीतल्या माणसांविषयी आपली समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. 22 डिसेंबर 2018 पासून 35 दिवस आणि पुन्हा 1 ऑक्टोबर 2025 पासून 43 दिवस, अर्थसंकल्पाच्या वादात सरकारचे कामकाज ठप्प झाले. त्यांपैकी पहिल्या वेळी, जानेवारी 2019 मध्ये, सरकारी कर्मचाऱ्यांचा थकलेला पगार नंतर मिळालाच पाहिजे असा कायदा झाला. कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना तो लागू नाही. ज्यांच्या करारावर आधीच पैसे बांधलेले होते आणि इमारतीत शिरायची गरज नव्हती, त्यांचे काम चालू राहिले. बाकीच्यांनी साठलेली रजा वापरली, आणि ती संपल्यावर बिनपगारी बसले. सरकारी कार्यालयांत झाडलोट, पहारा आणि उपाहारगृहाचे काम करणारी माणसेही अशाच कंपन्यांच्या पटावर असतात, आणि त्यांच्याकडे वापरण्याजोगी रजा फारशी नसते. आमच्यासारखे संगणकवाले त्या मानाने सुखी, हे कबूल. पण दर काही वर्षांनी करार नव्याने निघतो, दुसरी कंपनी तो जिंकते, आणि आदल्या महिन्यापर्यंत तेच काम करणाऱ्यांना नव्या कंपनीकडे, बहुधा कमी पगाराच्या बोलीवर, अर्ज करावा लागतो. आपण म्हणता ते ‘सुरक्षित कुरण’ मी अजून पाहिलेले नाही.

एम. बी.तल्या नोंदी आणि त्यांच्या तपासणीविषयी आपण स्वतंत्रपणे काही लिहिलेत, तर मी ते आवडीने वाचेन, आणि आपली परवानगी असल्यास इथेच पाहुणा लेख म्हणून प्रसिद्ध करीन.

आपला नम्र